बंड्याचा वर्ग फाटकाबाहेर

बंड्या : नर, लॅब्राडॉरचा संकर, वर्गात आला तेव्हा वय ८ महिने, वजन २६ किलो. घरात आई, बाबा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आजोबा. नाव नोंदवताना तक्रारीच्या रकान्यात त्यांनी दोनच शब्द लिहिले होते, 'ऐकत नाही'.

आज्ञापालनाच्या वर्गाला येणाऱ्या बहुतेकांची हीच तक्रार असते आणि तिचा उपयोग शून्य. कुत्रा कुठे ऐकत नाही, कोणाचं ऐकत नाही, समोर काय असताना ऐकत नाही, हे कळल्याशिवाय शिकवायचं काय तेच ठरत नाही. म्हणून वर्ग घेणाऱ्या सरांनी पहिल्या भेटीत बंड्याला हातही लावला नाही. ते घरच्यांनाच खोदून खोदून विचारत राहिले आणि मी मदतनीस म्हणून टिपून घेत होते.

त्यातून पुढे आलं ते असं. घरात, हातात खाऊ असेल तर बंड्या 'सिट', 'डाऊन', 'पंजा' सगळं करायचा. ४ महिन्यांचा असतानाच मुलीने त्याला ते शिकवलं होतं. दारात पाहुणा आला की मात्र उडी, आणि तीही थेट छातीवर. रस्त्यावर पट्टा कायम ताणलेला. दुसरा कुत्रा दिसला की मग काही विचारूच नका. मागच्या दोन पायांवर उभं राहून भुंकणं, कॉलरने गळा आवळून घरघर लागली तरी पुढे रेटणं. बाबांच्या खांद्यात एकदा लचक भरली होती. "पूर्वी ऐकायचा हो. आता मुद्दाम करतो," असं आईंचं म्हणणं.

'मुद्दाम' हे निदान सरांनी तिथेच बाजूला ठेवायला लावलं. आधी पशुवैद्याकडून तपासणी झाली, कारण कान ठणकत असला किंवा सांधा दुखत असला तरी कुत्रा असा सैरभैर होतो. तब्येत ठणठणीत निघाली. मग उरलं वय. कुत्र्यांमध्ये साधारण सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत जो काळ जातो त्याला सरळ सरळ पौगंडावस्था म्हणायला हरकत नाही. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी अंध व्यक्तींचे मार्गदर्शक कुत्रे म्हणून तयार होणाऱ्या पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ५ महिन्यांची असताना जी पिल्लं आपल्या माणसाने 'सिट' म्हटल्यावर बसत, तीच ८ महिन्यांची झाल्यावर त्याच माणसाला जास्त टाळाटाळ करू लागली. गंमत म्हणजे अनोळखी माणसाचं ऐकण्यात अशी घट दिसली नाही. घरच्यांचं ऐकायचं नाही आणि बाहेरच्यांपुढे शहाणं वागायचं, हे ऐकून मुलीकडे बघत आजोबा मोठ्याने हसले.

दुसरं कारण जास्त जुनं होतं. बंड्या २ महिन्यांचा असताना घरी आला आणि लसी पूर्ण होईपर्यंत त्याला बाहेर काढलाच नाही. संसर्गाची भीती खोटी नसते. पण पिल्लाची जगाशी ओळख होण्याचा सगळ्यात मोकळा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. त्यात कडेवर घेऊन का होईना, माणसं, आवाज, गाड्या दाखवाव्यात, लसी झालेल्या शांत कुत्र्यांची गाठ घालून द्यावी, असं आता सांगितलं जातं. बंड्याने तो काळ खिडकीत बसून काढला. कुत्रे रोज दिसायचे, भेटायचा एकही नाही.

त्यामुळे त्याचा रस्त्यावरचा अवतार बघून लोक लांबून जात असले तरी तो हल्ला नव्हता. अंग सैल, शेपूट कमरेपासून हलणारी, भुंकता भुंकता मधूनच कुंई. अंगावर जाणारा कुत्रा बहुतेक वेळा आधी ताठ होतो, तोंड मिटतो, नजर रोखतो. बंड्याला चावायचं नव्हतं. त्याला भेटायचं होतं, भेटता येत नव्हतं, आणि त्यापायी हा सगळा थयथयाट चालला होता. पुढचं सगळं शिकवणं या एका ओळखीवर उभं राहिलं.

पहिला वर्ग

वर्गात सहा कुत्रे होते. जाळीचं कुंपण घातलेलं चौकोनी मैदान, त्याला एक फाटक. बंड्या फाटकापाशी पोचला आणि आत पाच कुत्रे बघून त्याने जो आरडाओरडा मांडला, त्याने आतल्या दोघांनाही चेव चढला. आई त्याच्या नाकासमोर चिकनचा तुकडा धरून "सिट, सिट, सिट" म्हणत होत्या. त्याने तो तोंडात घेतला आणि तसाच खाली टाकला.

सरांनी त्यांना फाटकाबाहेर, पंचवीसेक मीटरवर एका भिंतीच्या आडोशाला उभं केलं. आईंचा चेहरा पडला. पैसे भरून वर्गाबाहेर उभं राहायचं म्हणजे काय, असं त्यांना वाटलं असणार. सर म्हणाले, "ताई, आज त्याचा वर्ग इथेच आहे. इथून कुत्रे दिसतात आणि खाऊही गिळता येतो. आतमध्ये त्याला यातलं एकच जमेल."

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. सामूहिक वर्गाची रचनाच अशी असते की ज्या कुत्र्याला इतर कुत्र्यांचं वेड आहे त्याला इतर कुत्र्यांच्या घोळक्यात उभं करून शिकायला सांगायचं. उत्साहाने ओसंडून वाहणारा कुत्रा तिथे 'सिट' विसरलेला नसतो. त्याच्या कानापर्यंत शब्द पोचतच नसतो. अशा वेळी आवाज चढवणं, पट्टा खेचणं, खाऊ नाकावर चोळणं यातलं काहीही कामाचं नसतं. कामाचं असतं ते अंतर. ते वाढवलं की कुत्रा पुन्हा विचार करू लागतो.

अंतर किती हवं, ते मोजायला आम्ही बंड्याचेच दात वापरले. भिंतीच्या आडोशाला तो तळहातावरून तुकडा ओठांनी उचलायचा. पाचेक पावलं पुढे गेलं की दात बोटांना घासायचे. आणखी पुढे गेलं की हिसका मारून घ्यायचा, आईंच्या बोटांवर वळ उठायचे. त्यापुढे घ्यायचाच नाही. सरांनी आईंना सांगून ठेवलं, दात लागले की दोन पावलं मागे, कारण विचारायचं नाही. ही खूण त्यांना पहिल्याच दिवशी पटली, कारण ती बोटांनाच कळत होती.

कामाची सुरुवात

आडोशाला उभं राहून करायचं काम अगदी साधं होतं. बंड्याने मैदानातल्या कुत्र्याकडे पाहिलं आणि तो अजून शांत असला, की त्याच क्षणी "येस" म्हणायचं आणि खाऊ द्यायचा. दुसऱ्या कुत्र्याकडे बघितल्याबद्दल बक्षीस का, हा प्रश्न बाबांनी विचारलाच. रास्त प्रश्न आहे. उत्तर असं की इथे दोन प्रकारचं शिकणं एकाच वेळी चालू असतं. इवान पावलॉव्हच्या प्रयोगांतल्यासारखं एक, कुत्रा दिसणं आणि खाऊ मिळणं यांची मनात सांगड पडते. आणि बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने मांडलेलं दुसरं, ज्या कृतीने फायदा होतो ती कृती वाढते. थोड्याच दिवसांत बंड्या कुत्रा दिसल्यावर स्वतःहून मान वळवून आईंकडे बघू लागला. 'बघितलं मी, आता दे' असा त्याचा एकूण आविर्भाव.

"येस" या शब्दाचं काम फोटो काढणाऱ्या बटणासारखं असतं, नेमका कोणता क्षण आवडला ते तो दाखवतो. हे तंत्र नवं नाही. स्किनरच्या हाताखाली शिकलेले केलर आणि मरियन ब्रेलँड यांनी १९४०च्या दशकातच प्राण्यांच्या प्रशिक्षणात अशा खुणेचा आवाज वापरायला सुरुवात केली होती, आणि क्लिकर म्हणून आज जी टिकटिकी मिळते ती त्याच परंपरेतली. आम्ही बंड्यासाठी क्लिकर घेतला नाही. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात खाऊ, आणि २६ किलोचं धूड सांभाळणाऱ्या माणसाला तिसरी वस्तू देण्यात अर्थ नसतो.

वेळ मात्र जमावी लागते. आईंचं "येस" सुरुवातीला कौतुकाने लांबायचं आणि उशिरा यायचं. तोपर्यंत बंड्या भुंकायला लागलेला असायचा, म्हणजे बक्षीस भुंकण्याला. मग सरांनी त्यांच्याकडून कुत्र्याशिवाय सराव करून घेतला. सर चेंडू टाकणार, तो जमिनीला टेकताक्षणी आईंनी "येस" म्हणायचं. इतर मालक बघत होते, आई लाजल्या, पण पुढच्या आठवड्यात फरक कानाला कळत होता.

घरी सराव किती करायचा, यावरही बोलणं झालं. मुलगी रोज सलग अर्धा तास घेत होती आणि शेवटी दोघंही वैतागत होती. डेन्मार्कमध्ये बीगल कुत्र्यांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून एकदाच शिकवलेल्या कुत्र्यांना तीच गोष्ट यायला आठवड्यातून पाचदा शिकवलेल्यांपेक्षा कमी पाठ पुरले होते. दिवस जास्त लागले, पाठ कमी. याचा अर्थ सराव सोडून द्यावा असा नाही, पण घोकंपट्टीने घाई होत नाही हे खरं. दोन-तीन मिनिटांचे तुकडे, दिवसभरात विखुरलेले, असं ठरलं.

पट्टा आणि आजोबा

पट्टा ओढणारा कुत्रा हट्टी नसतो, त्याला ओढल्याचा मोबदला मिळत आलेला असतो. खांबाचा वास हवा, ओढलं, खांब आला. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून जो परिणामाचा नियम मांडला, तो रोज सकाळी रस्त्यावर पट्ट्याच्या दोन टोकांना चालू असतो. उपायही तिथेच आहे. पट्टा ताणला की थांबायचं, सैल झाला की निघायचं. अट एवढीच की हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायचा.

आणि इथे आजोबा आडवे आले. सकाळचं फिरणं त्यांच्याकडे होतं आणि त्यांचं मत स्पष्ट होतं, "दिवसभर घरात असतो बिचारा. एक तास तरी त्याला हवं तिथे जाऊ दे." आई त्यांना सांगून थकल्या होत्या. मला तर आजोबांचं म्हणणं निम्मं पटत होतं. वास घेत रमतगमत फिरणं ही कुत्र्याची गरज आहे, आणि सून रागावली म्हणून सासरे सकाळची मजा सोडणार नाहीत हेही उघड होतं.

सरांनी तोडगा काढला तो मला फार आवडला. साधनंच दोन ठेवायची. आजोबांच्या फेरीसाठी पाठीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवतीचा साज, आणि लांब पट्टा. त्यात ओढलं तरी चालेल, गळ्यावर ताण येत नाही. शिकवणीच्या फेरीसाठी छातीवर कडी असलेला दुसरा हार्नेस आणि आखूड पट्टा. त्यात ओढलं तर एक पाऊलही पुढे नाही. कुत्र्यांना असा फरक छान कळतो. घरच्यांना शिस्तीवरून एकमेकांशी भांडायला लावण्यापेक्षा कुत्र्याला दोन नियम शिकवणं सोपं जातं.

शब्दांचीही थोडी साफसफाई झाली. सोफ्यावरून उतरायला आणि जमिनीवर लोळायला दोन्हीकडे 'डाऊन' चाललं होतं. उतरण्यासाठी 'ऑफ' ठरलं आणि फ्रिजवर चिठ्ठी लागली.

भेटणं हेच बक्षीस

चिकनला एक मर्यादा होती. दहाएक मीटरच्या आत कुठलाही खाऊ बंड्यापुढे फिका पडायचा, कारण त्याला त्याहून मोठं काहीतरी हवं होतं. डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेलं तत्त्व इथे कामाला आलं. जे करायला प्राण्याला मनापासून आवडतं, तेच कमी आवडीच्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. बंड्याला भेटायचंय ना? मग भेट हीच मजुरी.

यासाठी वर्गातली एक प्रौढ, शांत कुत्री निवडली. तिच्या मालकाने तिला मैदानाच्या एका टोकाला बसवलं. दुसऱ्या टोकाकडून आई बंड्याला घेऊन निघाल्या. पट्टा सैल असेपर्यंत पुढे चालायचं. ताणला की न रागावता, न बोलता वळून चार-पाच पावलं मागे. पहिल्या खेपेला मागे जाणंच जास्त झालं. बंड्या भुंकला, मागे गेले. उभा राहिला, मागे गेले. पुढच्या आठवड्यात तेच. मग एका खेपेला तो मधेच थांबला. पट्टा खाली झोळीसारखा लोंबला होता, आणि बंड्या एकदा कुत्रीकडे, एकदा पट्टा धरलेल्या हाताकडे बघत होता. आईंनी पाऊल टाकलं, त्यानेही टाकलं. पट्टा तसाच. शेवटची तीन-चार पावलं त्याचं सगळं अंग थरथरत होतं, तोंडातून बारीक कुंई चालू होतं, पण ओढलं नाही. "जा, भेट!" म्हटल्यावर तो गेला. हुंगणं झालं. तीनेक सेकंदांत त्याला हाक मारून परत घेतलं, खाऊ दिला आणि लगेच पुन्हा सोडलं. हे दुसऱ्यांदा सोडणं फार महत्त्वाचं. बोलावलं म्हणजे मजा संपली, असा हिशेब त्याच्या डोक्यात बसला की पुढे तो बोलावण्याला भीक घालत नाही.

दारातल्या उड्या

पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्यासाठी सगळीकडे एकच सल्ला मिळतो, दुर्लक्ष करा. हा अर्धा सल्ला आहे. इतके महिने जे केल्यावर लोक बोलत, ढकलत, हसत होते, ते एकदम बंद झालं की कुत्रा आधी जास्त जोरात तेच करून बघतो. बंड्याने तेच केलं. घरच्यांनी पाठ फिरवायला सुरुवात केल्यावर उड्या वाढल्या, वर तो बाह्या ओढू लागला. नेमक्या या टप्प्यावर बहुतेक घरं हार मानतात, आणि मधल्या मधे एखाद्या पाहुण्याने "असू दे हो, मला आवडतात कुत्रे" म्हणून कुरवाळलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अधूनमधून मिळणारं बक्षीस सवयीला जास्त चिवट करतं.

म्हणून उडीऐवजी काय करायचं ते दिलं. दारावरची घंटा वाजली की मुलगी बंड्याला आतल्या दारापाशी पट्ट्याने बांधणार आणि जमिनीवर खाऊ पसरणार. नाक खाली असताना उडी मारता येत नाही. चारही पाय टेकलेले असतील तेव्हाच पाहुणा जवळ येणार. याला वेळ लागला, पण उड्या खरंच कमी झाल्या.

'हायपर आहे' म्हणून बाबा त्याला रोज संध्याकाळी तासभर चेंडूमागे पळवत होते, तेही बदललं. चेंडूने तो दमत नव्हता, त्याचा दम वाढत होता, आणि घरी आल्यावर फिरफिर थांबत नव्हती. चेंडू थोडाच, बाकी वेळ वास घेत फिरणं, चघळायला काहीतरी, आणि दुपारी कोणी न उठवता झोप. वाढत्या वयातल्या कुत्र्याला भरपूर झोप लागते आणि ती मिळाली नाही की तो तिरसटतो.

साखळी

मधल्या एका वर्गाला बाबा एकटे आले आणि बंड्याच्या गळ्यात ओढताच आवळली जाणारी साखळी होती. कुण्या परिचिताने सांगितलं होतं, दोन झटके द्या, सरळ होईल. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. खांदा दुखत होता आणि त्या आठवड्यात वर्गात एक नवीन कुत्रा आल्यामुळे बंड्या पुन्हा भिंतीच्या आडोशाला गेला होता. घरच्यांना सगळी मेहनत पाण्यात गेल्यासारखं वाटत होतं.

झटक्याची पद्धत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लष्करी आणि पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणातून ती घरोघरी पोचली, आणि तिने कुत्रे तयार झालेच नाहीत असं म्हणणं खोटं ठरेल. पण प्राणीवर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१च्या निवेदनात बक्षिसावर आधारित शिक्षणच वापरावं असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि विजेचा झटका देणाऱ्या कॉलरवर तर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. सरांनी बाबांना यातलं काही ऐकवलं नाही. ते एवढंच म्हणाले, "दादा, झटका कधी बसणार? कुत्रा दिसला की. मग त्याला काय कळणार? कुत्रा दिसला की गळा दुखतो." आज ज्याला सगळ्या कुत्र्यांना भेटायचंय, तो उद्या सगळ्या कुत्र्यांना हाकलू पाहील. बाबांनी साखळी काढून खिशात टाकली. पटलं म्हणून की सरांची भीड पडली म्हणून, ते मला सांगता येणार नाही. पण पुन्हा दिसली नाही.

बाबांचीच आणखी एक गोष्ट दुरुस्त झाली. 'स्टे' शिकवताना ते एकाच वेळी लांब जायचे, बराच वेळ थांबायचे आणि मुलीला शेजारून पळायला लावायचे. अंतर, अवधी आणि व्यत्यय यांतली एक गोष्ट वाढवली की बाकीच्या दोन कमी करायच्या, हे सांगितल्यावर काम पटकन पुढे सरकलं.

परीक्षा

वर्गाची शेवटची परीक्षा अमेरिकन केनेल क्लबने १९८९ साली सुरू केलेल्या 'कॅनाइन गुड सिटिझन' चाचणीच्या धर्तीवर असते. दहा बाबी आणि दहाही जमाव्या लागतात. अनोळखी माणसाने जवळ येणं, अंगावरून हात फिरवणं, गर्दीतून चालणं, बसणं-लोळणं-थांबणं, हाक मारल्यावर येणं, दुसऱ्या कुत्र्याशेजारी शांत राहणं, मालक नजरेआड असताना दुसऱ्या माणसाबरोबर तीन मिनिटं थांबणं वगैरे. बंड्या गर्दीतून पट्टा सैल ठेवून गेला. अनोळखी माणसासमोर बसून राहिला, बूड दोनदा उचललं पण पुन्हा टेकलं. आई आडोशाला गेल्यावर तीन मिनिटांत मधूनमधून थोडं कुंईकुंई केलं, तेवढं चालतं.

दुसऱ्या कुत्र्याच्या बाबीत तो नापास झाला. दोन मालक समोरासमोर येतात, हात मिळवतात, दोन शब्द बोलतात आणि पुढे जातात. कुत्र्यांनी एकमेकांत मामुली रस दाखवावा, एवढीच अपेक्षा. बंड्या थांबेपर्यंत छान आला आणि हात मिळवताक्षणी आईंच्या पायांमधून पलीकडे गेला. भुंकला नाही, उभा राहिला नाही, नुसता भेटायला गेला. प्रमाणपत्र मिळालं नाही. मुलगी खट्टू झाली. मला स्वतःला निकाल योग्य वाटला. शिकवताना भेट हीच मजुरी दिली होती, त्यामुळे कुत्रा समोर आला की भेट होणार हे त्याने धरून चालणं साहजिक होतं. 'आज भेट नाही, नुसतं ओलांडून जायचं' हा पुढचा धडा अजून झालाच नव्हता, आणि तो आठवड्यातून तासभराच्या वर्गात मावणाराही नव्हता.

म्हणून त्यांना तोच वर्ग पुन्हा करायला सांगितलं नाही. त्याऐवजी त्या शांत कुत्रीच्या मालकाबरोबर समांतर फिरणं सुरू केलं. दोन कुत्रे, मध्ये रस्त्याची रुंदी, दोघांची तोंडं एकाच दिशेला, भेट नाही. अंतर आठवड्यागणिक कमी. काही महिन्यांनी घरचे भेटले तेव्हा बंड्या बऱ्याच कुत्र्यांच्या बाजूने सरळ जाऊ लागला होता, खेळकर पिल्लं सोडून. मोकळ्या मैदानात मात्र तो अजून दहा मीटरच्या लांब दोरीवरच असतो, कारण पळणारा कुत्रा समोर असताना हाक मारल्यावर येण्याची खात्री घरच्यांना नाही, आणि सरांनाही नाही. दोरी काढायचा विषय दीड वर्षाचा झाल्यावर बघू, असं ठरलं आहे. आजोबांची सकाळची फेरी जुन्या हार्नेसमध्ये, जुन्याच पद्धतीने चालू आहे.